किल्लीची जागा

३ फेब्रुवारी, सोमवार

ताई,

फोन तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. तेव्हा फाडण्याआधी एवढं वाच: मला नोकरी लागली. पूर्ण वेळेची. आज पहिला दिवस होता आणि माझ्या नखांत पुन्हा ऑइल आहे. साबणानं दोनदा हात धुतले तरी गेलं नाही. खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा मी घासलंच नाही.

काम खुर्च्यांचं आहे. हसू नकोस. सुताराच्या खुर्च्या नव्हेत. दातांच्या डॉक्टरांकडे असतात त्या, पायाखालचं पेडल दाबलं की माणसाला अलगद वर नेणाऱ्या आणि मागे निजवणाऱ्या. आत ऑइलचा पंप असतो, दांडा असतो, रबराच्या कड्या असतात. कडी केसभर झिजली की खुर्ची वर जाताना हिसका देते, आणि तोंडात सुई घेतलेल्या माणसाला हिसका बसणं म्हणजे काय ते तू जाण. एका मोठ्या दवाखान्याच्या जुन्या खुर्च्या आमच्याकडे नव्या होण्यासाठी आल्यात. मी आज पहिली उघडली. आतलं काळं झालेलं ऑइल बघून मला जो आनंद झाला, तो मी घरी कुणाला सांगितला नाही. आनंदाचं कारण ऐकून लोक काळजी करतात.

हे सगळं मला कुणी शिकवलं नाही, तुला ठाऊकच आहे. जुनी यंत्रं खोलून, परक्या भाषांतल्या पुस्तकांतली नुसती चित्रं बघून शिकलो. मुलाखतीत फोरमनबाईंनी विचारलं, "शिक्षण?" मी म्हटलं, "चालू आहे." त्या हसल्या नाहीत. पण नोकरी दिली.

दोन महिने परीक्षेचे आहेत. तेवढ्यात काम पसंत पडलं आणि कामाच्या वेळेत मी कामावर राहिलो, तर कायम. नाहीतर माझ्यामागे आणखी एक जण उभाच आहे. दुसरी अट त्यांनी मुद्दाम सांगितली. नऊ वर्षं घरी असलेल्या बापाला सगळे ती मुद्दाम सांगतात.

घराची काळजी करू नकोस. करत नसशीलच. बायको बंदरावरच क्रेन चालवते अजून. या महिन्यापासून तिची पाळी दिवसाची झाली आहे. ठकी शाळेतून येते, दुपारची व्यवस्था चोख आहे. स्वयंपाकघरातली भिंत तू पाहिलीस तेव्हा अर्धीच होती. आता पुरी आहे. प्रत्येक वस्तूला खिळा आणि खिळ्याभोवती काळ्या रंगात त्या वस्तूची आकृती: झाऱ्याला झाऱ्याची, गाळण्याला गाळण्याची. काय जागेवर नाही ते दारातूनच कळतं. कारखान्यात हत्यारांसाठी जे करतात ते मी घरात केलं, आणि घर मशीनसारखं चाललं.

तू म्हणशील, म्हणूनच तर मी गेले. आठवतं मला. ठकी दुडुदुडु चालायला लागली तेव्हा तू मदतीला आलीस. तू झारा गाळण्याच्या जागी लावायचीस, मी मागून येऊन तो परत झाऱ्याच्या जागी. चौथ्या दिवशी तू बॅग भरलीस आणि दारात उभी राहून म्हणालीस, "या घरात झाऱ्याला जागा आहे, गाळण्याला आहे. माझी आखशील तेव्हा बोलाव."

मी काही मागायला लिहीत नाहीये. फक्त कळवतोय. निवृत्त झालीस असं मावशीकडून कळलं. अभिनंदन.

तुझा भाऊ

१६ फेब्रुवारी, रविवार

ताई,

उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र पोचलं.

एवढ्या गोष्टी झाल्यात की कुठून सुरू करू! पहिली खुर्ची जवळजवळ तयार आहे. दांडा मी स्वतः घासला, इतका की त्यात बघून दाढी करता येईल. आमचे गादीवाले काका, म्हणजे खुर्च्यांवर रेक्झिन चढवणारे म्हातारे, येऊन त्यात आपल्या मिशा बघून गेले आणि म्हणाले, "छान झालाय. आता याला आत टाकून झाकून टाकणार ना? लग्नातल्या वरमाईला पडद्याआड बसवल्यासारखं." मी म्हटलं, झाकलेलं काम नीट करतो तोच कारागीर. ते म्हणाले, "हो, आणि ते दुसऱ्याला सांगत सुटतो तो नवा."

पहिल्या दिवशी मी तिथल्या टेबलावरच्या सगळ्यांच्या हत्यारांभोवती खडूनं आकृत्या काढून दिल्या. कुणी मागितल्या नव्हत्या, पण पसारा मला बघवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर माझ्या डब्याभोवती आकृती, स्टुलाभोवती आकृती, आणि जमिनीवर माझ्या बुटांच्या दोन आकृत्या. शेजारी लिहिलेलं: "इथे शहाणा उभा राहतो." खरं सांग, तू त्यांना माझं लहानपणचं नाव कळवलंस की काय?

मी दिवसभर त्याच आकृतीत उभा राहिलो. संध्याकाळी फोरमनबाई पहिल्यांदा हसल्या.

आता घरचं ऐक. मंगळवारी कामावरून आलो आणि दारातूनच दिसलं की भिंत बिघडली आहे. तव्याची आकृती वर आणि तवा वीतभर खाली. पातेली खाली. सुऱ्या डावीकडच्या टोकाला. जणू सगळी भिंत रात्रीतून घसरली होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तवा," बायको म्हणाली.

"तो मला दिसतोय. खाली का आलाय?"

"मी खाली आहे म्हणून."

तुला माहीत आहे, ती माझ्या खांद्याला लागते. तीस माणसांच्या उंचीवरून जहाजावरचे डबे उचलणारी बाई घरात तव्यासाठी स्टूल घेत होती, आणि मला ते दिसलं नव्हतं, कारण तवा नेहमी मीच काढायचो. एवढ्यात ठकी म्हणाली, "आणि बाबा, सुरी उजवीकडे असली की मला हात असा असा वळवावा लागतो." तिनं वळवून दाखवला. कसरतवाल्या बाईसारखा. ठकी डावखुरी आहे.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तूच करायचास ना सगळं," ठकी म्हणाली. "आम्ही कशाला बोलायचं?"

मी जेवलो नाही. म्हणजे थोडंच जेवलो. मग उठून मोजपट्टी काढली. बायको म्हणाली, "अहो मेकॅनिकसाहेब, जेवण तरी होऊ द्या." पण मी पेटलोच होतो. चुकीच्या मापाची भिंत मी एक दिवसही सहन करू शकत नाही, मग ती माझ्याच मापाची का असेना. मापं त्याच रात्री घेतली, आणि काल-आज दिवसभर आम्ही तिघांनी मिळून जुन्या आकृत्या पांढऱ्या केल्या आणि नव्या काढल्या. सुऱ्यांच्या आकृत्या ठकीनं डाव्या हातानं काढल्या. थोड्या वाकड्या आल्यात. मी त्या सरळ केल्या नाहीत. हे वाचून तू खुर्चीत बसून घे.

खरं तर मी फार खुशीत आहे, ताई. सकाळी बूट घालताना शीळ वाजवतो. बायको म्हणते, शेजारी तक्रार करतील.

ठकी शाळेतून आली की संध्याकाळपर्यंत एकटी असते. हे मागच्या पत्रात लिहायचं राहिलं बहुतेक. तिला आवडतं. ती स्वतः म्हणाली. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाली. रेडिओ मोठ्यानं लावून बसते. तिची किल्ली दारामागच्या खिळ्याला असते. सकाळी सगळ्यांत शेवटी तीच निघते, किल्ली गळ्यात घालते, दार ओढते, लॅच आपोआप लागतं. सगळं चोख. घरात एवढी एकच वस्तू आहे जिची आकृती अजून काढलेली नाही. रंग उघडाच आहे, ब्रश ओला आहे. हे पत्र बंद केलं की तेवढं काम उरकतो.

तुझा भाऊ

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

ऐक. हसायचं असेल तर हस, पण शेवटपर्यंत वाच.

आमच्याकडे एक रिवाज आहे. दुरुस्त झालेल्या खुर्चीत आधी मालक स्वतः बसतात आणि डोळे मिटून घेतात. खुर्ची वर जाते, मागे झुकते, पाय उंचावतात, परत खाली येते. त्या वेळात मालकांना डोळे उघडावेसे वाटले, तर खुर्ची नापास. दुसरी कसलीच परीक्षा नाही. मालक अंगानं भरपूर आहेत आणि त्यांचे गुडघे दुखरे आहेत, म्हणजे खुर्चीची खरी कसोटी.

सोमवारी दुपारी माझी पहिली खुर्ची. सगळे भोवती उभे. मालक बसले, डोळे मिटले. मी पेडल दाबलं आणि ते वर गेले. ताई, असे गेले, जशी दुधावर साय यावी! मग मागे झुकवलं. पाय वर, डोकं खाली. हिसका नाही, आवाज नाही. फक्त पेडल माझ्या पायाच्या बोटांना किंचित अडखळल्यासारखं वाटलं. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. मला कळलं. मी म्हटलं, "एक मिनिट," पेडलची खीळ काढली आणि पेडल हातात घेऊन बघतोय, तोच मला फोन आहे म्हणून कुणीतरी हाक मारली.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक शिंपीणबाई राहतात. त्या बोलत होत्या. "तुमची ठकी माझ्या दारात बसलीय. घरात जाता येत नाही म्हणते. रडत नाहीये हो, पण मला वाटलं सांगावं."

रडत नाहीये, हे ऐकलं आणि मी पळालो. ठकी पडली की रडते, पेन्सिल मोडली की रडते. ती रडत नाही म्हणजे काहीतरी मोठं आहे. फोरमनबाई मागून काहीतरी ओरडल्या. मी बस पकडली. बसमधल्या लोकांनी मला बसायला जागा दिली, म्हणजे चेहरा कसा असेल बघ.

ठकी शिंपीणबाईंच्या मशीनशेजारी बसून बटणं रंगांप्रमाणे वेगळी करत होती. मी म्हटलं, "किल्ली हरवलीस?"

"नाही. जागेवर आहे."

"मग?"

"आत जागेवर आहे." मग ती हळूच म्हणाली, "सकाळी किल्ली गळ्यात घातली होती. दार ओढणार, तर दारामागची आकृती रिकामी दिसली. तू म्हणतोस ना, रिकामी दिसली की वस्तू लावायची. म्हणून लावली. आणि दार ओढलं."

शिंपीणबाईंनी तोंडाला पदर लावला नाही, सरळ हसल्या. "एवढी शिस्तीची मुलगी मी पाहिली नाही," म्हणाल्या.

वर जाऊन माझी किल्ली काढायला खिशात हात घातला, तर हातात आलं पेडल. काखेत कळसा म्हणतात तो माझ्या खिशात होता, आणि मालकांना वरच ठेवून गावाला वळसा मी घातला होता. दार उघडलं. दारामागे ठकीची किल्ली तिच्या आकृतीत लटकत होती, कडेला कड मिळवून. मी रंगवलेली सगळ्यांत नेमकी आकृती तीच आहे, ताई.

मी फोन केला. फोरमनबाई म्हणाल्या, "पेडल घेऊन या. मालक अजून वरच आहेत."

ठकीला मागे ठेवणं शक्यच नव्हतं. तिला घेऊनच गेलो. धापा टाकत आत शिरलो, तर सगळे खुर्चीभोवती तोंडावर बोट ठेवून उभे. मालक झोपले होते! पाय वर, डोकं खाली, तोंड उघडं, छान घोरत होते. मी पेडल बसवलं आणि श्वास रोखून त्यांना खाली आणलं. जमिनीला टेकेपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. गादीवाले काका पुटपुटले, "एवढी पास झालेली खुर्ची या कारखान्यानं पाहिली नव्हती."

मालक जागे झाले, भोवती बघितलं, ठकीला बघितलं. "ही कोण?"

"हिच्यामुळे तुम्ही वर राहिलात," फोरमनबाई म्हणाल्या.

"अस्सं? मग हिला पण वर पाठवा," मालक म्हणाले. ठकी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, आणि तिच्या किंचाळण्यानं छपराचे पत्रे वाजले. मी उभा राहून बघत होतो. माझी मुलगी माझ्या खुर्चीत! ताई, त्या क्षणी मला काही म्हणजे काही नको होतं.

मग फोरमनबाईंनी मला बाजूला घेतलं. त्या माझ्याहून लहान आहेत, पण समोर उभ्या राहिल्या की मला शाळा आठवते. "खुर्ची पास झाली," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही झालात. तुमची मुलगी अडली तर तुम्ही जाणारच, मी पण गेले असते. पण इथे टांगलेला माणूस टांगून कुणी जात नाही. दुपारचं काय ते बघा. पुन्हा काम सोडून गेलात, तर मी थांबवणार नाही आणि परतही घेणार नाही."

बरोबर बोलल्या.

बसमध्ये ठकी खिडकीशी होती. मी तिला म्हटलं, आता किल्ली दोरीनं दप्तरालाच बांधू, म्हणजे प्रश्न मिटला. ती म्हणाली, "बाबा, मी राहीन एकटी. पण मला आवडत नाही. आवडतं म्हणाले ते खोटं होतं. तू शीळ वाजवत होतास ना, म्हणून."

यापुढचं मला नीट लिहिता येत नाही, तेव्हा सरळ सांगतो. बायकोनं रजा टाकली आहे, ती मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपते. तिची पाळी उन्हाळ्याआधी बदलत नाही. शिंपीणबाई आपल्या लेकीकडे चालल्या आहेत. बायको म्हणाली, "ताईंना लिही." मी म्हटलं, लिहितोच आहे. ती म्हणाली, "लिहितोस रे, विचारत नाहीस."

तू हल्ली दुपारी काय करतेस, ताई?

सहज विचारतोय.

तुझा भाऊ

२ मार्च, रविवार

ताई,

तुझं कार्ड आलं! मी जिन्यातच वाचलं, मग घरात मोठ्यानं वाचलं, मग ठकीनं वाचलं. आता तिला पाठ झालंय आणि ती ते तुझ्या आवाजात म्हणते. तुझा आवाज तिला आठवणं शक्य नाही, पण अगदी तसाच काढते: "किल्ली घराच्या आत आखणारा शहाणा जगात तूच. दुपारी मी झोपते. आणि दाराशी खडू घेऊन चपला आखायला तुला कोणी शिकवलं रे? माझी जागा आखलीस का?"

बायको हसून हसून जमिनीवर बसली. ठकीनं विचारलं, "चपलांचं काय?"

मी खरंच विसरलो होतो, ताई. ती आपली जुनी खोली, दाराशी तू खडूनं काढलेल्या माझ्या दोन पावलांच्या आकृत्या. मी चपला कुठेही भिरकवायचो म्हणून. दर रविवारी पुसून पुन्हा काढायचीस, कारण पाय वाढलेला असायचा. मला कुणी शिकवलं नाही, असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलो, मुलाखतीतही जवळजवळ तेच सांगितलं, आणि ही एवढी भिंत मुळात तुझी आहे! दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन मी हे गादीवाले काकांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे शहाणा उभा राहतो ती जागा बहिणीनं आखलेली. आम्हाला वाटलंच होतं, एकट्याचं काम नाही."

ठकी मग मला म्हणाली, "पण आत्यानं आकृती दर रविवारी पुसली ना? पाय वाढला की पुसली." एवढंच म्हणाली आणि खेळायला गेली. मी मात्र भिंतीसमोर उभा राहिलो.

दुसरी खुर्चीही पास झाली, हे सांगायचं राहिलं. मालकांना या वेळी झोप लागली नाही, पण डोळे मिटलेलेच होते. मी पेडलला हातही लावला नाही. फोरमनबाईंनी फक्त मान हलवली. गुरुवारी बायकोची रजा संपते.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, तुझी जागा मी आखली नाही. आधी आखायला घेतली होती. खिडकीजवळ, शेगडीच्या उजवीकडे, जिथे दुपारी ऊन येतं, ती भिंतीवरची सगळ्यांत चांगली जागा. तिथे माझी किसणी, माझी मापं, माझी चाळणी होती. ती काढली, खिळे उपटले, भोकं बुजवली, दोन हात पांढरा रंग दिला. मग पेन्सिल घेऊन उभा राहिलो आणि मला कळलं की तू झारा कुठे लावतेस, ते मला माहीतच नाही. तू लावलास की मी काढायचो. तू कुठल्या हातानं काय घेतेस, ते कधी बघितलंच नाही. म्हणून ती भिंत कोरी ठेवली आहे. बायको येता-जाता थबकून तिच्याकडे बघते आणि म्हणते, "बरा आहेस ना रे?" कोऱ्या भिंतीची मला अजून सवय नाही. परवा एक खिळा ठोकायला हात शिवशिवला, पण हातोडी ठकीनं लपवली आहे. तिच्या आकृतीत ती नाही, आणि मी शोधलीही नाही.

ताई, ये. हे मी विचारतोय, सहज नाही. दुपारी तू झोप, ठकी तुझ्याशेजारी अभ्यास करेल, रेडिओ हळू लावेल. झारा हवा तिथे लाव. मी मागून येऊन बदलणार नाही, आणि बदललाच तर ठकीच्या हातात खडू आहे, ती माझ्या बुटांभोवती आकृती काढून मला तिथेच उभं करेल.

दारामागची आकृती आज रिकामी आहे. ठकी सकाळपासून येता-जाता तिच्याकडे बघते आणि हात मागे बांधून निघून जाते. ती किल्ली या पाकिटात आहे, कागदात नीट गुंडाळलेली. येशील तेव्हा दार वाजवू नकोस, तीच लाव आणि आत ये. मग टांगायची कुठे, ते तू ठरव.

तुझा
शहाण्या